पोर्ट म्हणजे डावा

अंबाझरी तलावावर मी पहिल्यांदा वल्हं हातात धरलं, तेव्हा पाचव्या मिनिटाला आमची बोट काठच्या गवतात घुसली. चूक माझी होती. इन्स्ट्रक्टर ओरडले, "पोर्ट साइड, होल्ड वॉटर!" म्हणजे पोर्ट बाजूच्यांनी वल्हं पाण्यात घट्ट धरून बोट थोपवायची. मी मात्र सगळा जोर लावून ओढलं. कारण मी पोर्ट बाजूला बसलो आहे, हेच मला माहीत नव्हतं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी एनसीसीच्या नौदल शाखेत नाव घातलं होतं. नागपुरात एनसीसीचं नौदल युनिट आहे, हे सांगितलं की लोक हसतात. घरीही हसले. ज्या गावात आपण पाहुण्यांना देशाचा मध्य म्हणून झिरो माईलचा दगड दाखवतो, तिथे नौदल? पण अंबाझरी होता. शहराला नळाचं पाणी देण्यासाठी १८७० च्या सुमारास ज्याचा बांध उभा राहिला, त्या तलावावर आम्ही समुद्राची भाषा शिकत होतो.

आमची बोट म्हणजे व्हेलर. २७ फूट लांब, पाच वल्ह्यांची. एका बाजूला तीन वल्ही, दुसऱ्या बाजूला दोन. मागे सुकाणूपाशी कॉक्सन. पहिल्या दिवशी वहीत शब्द उतरवून घेतले: बो म्हणजे पुढचं टोक, स्टर्न म्हणजे मागचं, पोर्ट डावी बाजू, स्टारबोर्ड उजवी. "गिव्ह वे टुगेदर" म्हटलं की सगळ्यांनी एकदम ओढायचं. "ओअर्स" म्हटलं की वल्ही पाण्याबाहेर काढून आडवी धरायची. हुकूम इंग्रजी, समजावणं हिंदी, आणि चुकल्यावर आपसातल्या शिव्या नागपुरी.

तरी माझा घोटाळा झालाच. कारण वल्हवणारा उलटा बसतो. त्याचं तोंड बोटीच्या मागच्या बाजूला आणि पाठ पुढच्या बाजूला. त्यामुळे त्याच्या डाव्या हाताला बोटीची उजवी बाजू येते. कॉक्सन मात्र पुढे बघत असतो, त्याचा डावा हात आणि बोटीची डावी बाजू एकच. आता त्याने नुसतं "डावीकडचे थांबा" असं म्हटलं तर कुणी थांबायचं? एकाच बोटीत दोन डावे झाले. म्हणून माणसाच्या हाताशी संबंध नसलेला, बोटीला चिकटलेला शब्द लागतो. तुम्ही कसेही बसा, कुठेही तोंड करा, पोर्ट बदलत नाही.

हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे शब्द रुबाबासाठी नाहीत. प्रत्येक शब्द कुठल्यातरी गोंधळाचा निकाल आहे.

मग नाद लागला. रात्री फोनवर एकेका शब्दाचं मूळ शोधायचो. स्टारबोर्ड हा जुन्या इंग्रजीतला शब्द, त्यात 'स्टीअर' म्हणजे दिशा देणं लपलेलं आहे. मागे मधोमध सुकाणू बसवायची पद्धत येण्याआधी उत्तर युरोपातल्या बोटींना उजव्या बाजूला एक मोठं वल्हं असायचं, त्यानेच बोट वळवायची. ती बाजू स्टारबोर्ड. डाव्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणत. वाऱ्यात ओरडून सांगताना लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखेच ऐकू यायचे, म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढला की यापुढे पोर्टच म्हणायचं. वेग मोजायचा नॉट म्हणजे खरोखरीच गाठ. ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायची आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. आज एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, पण नाव गाठीचंच राहिलं.

वहीत मी दोन रकाने आखले होते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. डावीकडचा भरत गेला. उजवीकडचा अडला.

नाही म्हणायला काही शब्द होते. रडर म्हणजे सुकाणू. पण सुकाणू हा शब्द मी कुठे ऐकला होता? २०१७ च्या शेतकरी संपात, 'सुकाणू समिती'च्या बातम्यांत. बाबांना विचारलं, सुकाणू म्हणजे काय, तर म्हणाले, समितीच असते ना ती. आमच्याकडे वस्तू पोचलीच नव्हती, नुसता शब्द पोचला होता. अँकर म्हणजे नांगर. हे ऐकून मामा म्हणाला, "नांगर टाकून नाव थांबते? आमचा तर नांगर धरला की काम सुरू होते." त्याचं बरोबर होतं. शेतातला नांगर संस्कृत लांगल वरून आलेला, जहाजाचा नांगर फारसी लंगर वरून. वेगवेगळ्या वाटांनी येऊन दोन शब्द मराठीत एकसारखे झाले. किनाऱ्यावरचा माणूस एक ऐकतो, आमच्याकडचा दुसरा.

जे शब्द सापडले ते सगळे कोकणाकडून आलेले होते. डोलकाठी, शीड, नाळ, तांडेल, नाखवा. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या शेवटची. तीत शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या जहाजांच्या जाती मोजून दिल्या आहेत: गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळं प्रकरण आहे. आंबा आणि फणसाचं लाकूड जहाजाला चालतं, तरी रयतेच्या झाडांना हात लावू नये, कारण ती झाडं लोकांनी मुलांसारखी वाढवलेली असतात, असं त्यात बजावलं आहे. हे वाचताना अभिमान वाटला, आणि थोडी असूयाही. हे सगळं त्यांचं. आपण नागपूरचे. आपल्याला कुठला समुद्र?

इथे मी चुकत होतो. नागपूरला समुद्र होता.

'अटक ते कटक' आपण सगळे म्हणतो. त्यातल्या अटकेची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. कटकची फारशी कुणाला नसते, आणि कटक नागपूरचं होतं. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून जात होत्या. १७५१ मध्ये नवाब अलिवर्दी खानाशी तह झाला आणि ओडिशा भोसल्यांकडे आला. १८०३ पर्यंत तो त्यांच्याकडे होता. म्हणजे ५२ वर्षं नागपूरच्या राज्याची पूर्वेकडची हद्द बंगालच्या उपसागराला लागत होती. पुरीच्या जगन्नाथाच्या देवळाची व्यवस्था नागपूरकरांकडे होती. बालासोर हे बंदर त्यांच्या राज्यात होतं. बालासोरसमोरच्या समुद्रात परदेशी जहाजं नांगर टाकून थांबायची आणि हुगळी नदीतली वाट दाखवणारा वाटाड्या घेऊन मग पुढे कलकत्त्याकडे निघायची.

मी नकाशा उघडून बघितला. सीताबर्डीपासून बोट सरकवत पूर्वेला गेलो. छत्तीसगड, संबळपूर, कटक, आणि मग निळं.

पण आमच्या लोकांना पाण्याची भाषा येत होती का? भोसल्यांची फौज घोड्यांची होती. १७४२ साली भास्करराम कोल्हटकरांनी भागीरथीच्या काठी कटवा इथे तळ दिला होता. नदीच्या पश्चिमेचा मुलूख या घोडेस्वारांच्या हातात, आणि पश्चिमेकडची माणसं घरदार सोडून नावांनी पूर्वेच्या काठाला पळत होती. घोड्याला नदी ही भिंत होती, नाव असलेल्याला ती वाट होती. दुर्गापूजेच्या दिवसांत अलिवर्दी खानाने नावांचा पूल बांधून फौज रात्रीतून पार केली आणि बेसावध छावणीवर छापा घातला. पूजा अर्धी टाकून भास्कररामांना निघावं लागलं.

ही गोष्ट सांगताना फक्त आपल्या बाजूने सांगता येत नाही. बारगीर या आपल्या शब्दाचं तिकडे 'बर्गी' झालं. बंगालमध्ये आजही आया मुलांना झोपवताना बर्गी आल्याचं गाणं म्हणतात. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, त्यात या फौजांनी केलेली लूट आणि अत्याचार आहेत. मी लहानपणापासून जो पराक्रम ऐकत आलो, त्याच्या पलीकडच्या काठावर नावेसाठी धावणारी माणसं होती. त्या रात्री त्यांच्यासाठी नावाडी हा जगातला सगळ्यात मोठा माणूस असणार. त्यातल्या एकाही नावाड्याचं नाव मला कुठे सापडलं नाही.

पुढे १८०३ मध्ये इंग्रजांनी एक फौज जमिनीवरून पुरी-कटकवर पाठवली आणि बालासोर समुद्राच्या बाजूने घेतलं. डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि नागपूरचा समुद्र संपला. सागरी लढाई झालीच नाही, कारण नागपूरकडे आरमार नव्हतं. मिठावर आणि मालावर महसूल घ्यायला किनारा उपयोगी होता. वल्हं धरणारे हात तिथलेच होते, राज्य करणारे नागपूरचे. राज्य करणाऱ्यांनी ती भाषा शिकायचं कारणच पडलं नाही.

माझा मराठी रकाना रिकामा का, याचं उत्तर मिळालं असं मला वाटलं. पण ते अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं एका जुन्या कोशाने दिलं. १८११ साली कलकत्त्यात टॉमस रोबक या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने एक कोश छापला: इंग्रजी आणि हिंदुस्थानी, फक्त जहाजावरच्या शब्दांचा. कुणासाठी? इंग्रज अधिकाऱ्यांसाठी. कारण आशियातल्या जहाजांवर राबणारे खलाशी, ज्यांना इंग्रज लस्कर म्हणत, ते इंग्रजी हुकुमांवर चालत नव्हते. त्यांची स्वतःची बोली होती. तीत अरबी होतं, फारसी होतं, पोर्तुगीज होतं, गुजराती आणि आपल्याकडचंही होतं. वादळात शीड उतरवायचं असेल तर साहेबाला ती बोली बोलावी लागे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी वही घेऊन बसलेला नवशिका साहेब होता, आणि मास्तर होता खलाशी.

त्या बोलीत मास्टला डोल म्हणत. आपली डोलकाठी. खलाशांच्या मुकादमाला सारंग आणि त्याच्या हाताखालच्याला टिंडल म्हणत. तोच आपला तांडेल, कोळीवाड्यात आजही बोट चालवणाऱ्याला हेच म्हणतात. सुकाणूवरच्या माणसाला इंग्रज 'सीकनी' म्हणायचे. ऐकायला इंग्रजी वाटतं, पण त्याचं मूळ अरबी सुक्कान, आणि तेच आपल्या सुकाणूचं मूळ. आणि स्टारबोर्डला म्हणत जमना, जो गुजराती 'जमणा' म्हणजे उजवा.

पोर्टला म्हणत डावा.

मी तो शब्द बराच वेळ बघत राहिलो. ज्या शब्दावरून माझी बोट गवतात घुसली, त्याला जगभर फिरणाऱ्या जहाजांवर आपल्याच घरातला शब्द होता. कुणीतरी तो डोलकाठीवरून ओरडला असेल आणि साहेबाने वहीत लिहून घेतला असेल, जसा मी पोर्ट लिहून घेतला तसा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी शब्द चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. राजांच्या बखरींत, किल्ल्यांच्या गोष्टींत. नावेचे शब्द नाव चालवणाऱ्याकडे असतात. मग नागपूरकडे नाव कोण चालवतं?

उत्तर माझ्या आजोळी होतं. माझं आजोळ भंडारा जिल्ह्यात, पवनीजवळ, वैनगंगेच्या काठी. तिथले धीवर पिढ्यान् पिढ्या नदीवर आहेत. लहानपणी मी त्यांच्याकडून मासे आणायला जायचो, पण त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. आता वही घेऊन गेलो. एक म्हातारे काका डोंगा काठाला ओढत होते. मी त्यांना आमच्या व्हेलरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि हसायला लागले.

"हे पोट्टे उलटे काहून बसले बाप्पा? तोंड तिकडे अन् जाता इकडे?"

मी समजावलं, असं बसलं की पाठीचा आणि पायाचा जोर लागतो. ते मान डोलवत ऐकत होते. मग मी वही काढली आणि विचारलं, "काका, डाव्या बाजूला तुम्ही काय म्हणता?"

ते म्हणाले, "कोनाची डावी? तुयी का डोंग्याची?"

मी गप्प झालो. स्टारबोर्ड, लारबोर्ड, १८४४ चा हुकूम, रोबकचा कोश, हा सगळा पसारा ज्या एका प्रश्नासाठी झाला, तो प्रश्न त्यांनी मला पहिल्याच वाक्यात परत विचारला होता. त्यांच्याकडे वेगळा शब्द नव्हता. पण तो शब्द कशासाठी लागतो, ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

त्यांच्या 'डोंगा' या शब्दाचीही एक गंमत आहे. ऑलिंपिकमध्ये ज्या छोट्या शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात, त्यांना डिंगी म्हणतात. तो शब्द इंग्रजीत हिंदुस्थानातून गेला, डोंगी-डिंगी या आपल्या छोट्या नावेच्या नावावरून. मी काकांना हे सांगितलं. त्यांना त्याचं फार काही वाटलं नाही. ते म्हणाले, "गेला असन. तू बस आधी. मधात बस. उभा नोको राहू."

मधे बस, खाली बस, उभा राहू नको. जहाज स्थिर राहावं म्हणून त्याच्या तळाला जे वजन भरतात, त्याला किनाऱ्यावरच्या मराठीत नीरम म्हणतात. इंग्रजीत बॅलास्ट. लहान नावेत नीरम वेगळं नसतं, माणसंच ते काम करतात. भार खाली आणि मधोमध असला तर नाव झोका खाऊन परत सरळ होते. एकजण उभा राहिला, सगळे एका बाजूला झुकले, की ती सरळ होत नाही. व्हेलरमध्ये हे आम्हाला तासभर शिकवलं होतं. काकांनी ते तीन वाक्यांत सांगितलं.

हे मी शब्दांच्या हौसेपायी लिहीत नाही. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण पोरं बुडाली. उलटण्याच्या थोडं आधी केलेलं त्यांचं फेसबुक लाइव्ह दुसऱ्या दिवशी गावभर सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. माझ्याही फोनवर आलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या पात्रात मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव उलटली. त्या सहलीला निघाल्या नव्हत्या. पलीकडच्या काठावर मजुरी होती आणि तिथे जायला नाव हीच वाट होती. आमच्याकडे लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला बोटीत पाय ठेवू देत नाहीत. ज्यांना रोज नदी पार करायची आहे, त्यांच्या नावेत मला एकही जॅकेट दिसलं नाही.

आम्ही म्हणतो, विदर्भाला पाण्याशी काय देणंघेणं. मग ज्यांना रोजचं देणंघेणं आहे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यांचे शब्द कोशात नाहीत, त्यांच्या नावा कुणी तपासत नाही. १७४२ च्या भागीरथीवरच्या नावाड्याचं नाव सापडलं नाही, याचं मला वाईट वाटलं होतं. काकांच्या डोंग्यात बसल्यावर आठवलं की वीस वर्षं ज्यांच्याकडून मासे घेतले, त्यांचंही नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

आता मी दर हिवाळ्यात नव्या कॅडेट्सना अंबाझरीवर थोडं शिकवायला जातो. पहिल्या दिवशी वही उघडायला लावतो आणि तीन रकाने आखायला सांगतो. पहिल्यात इंग्रजी, परीक्षेत तेच लागतं. दुसऱ्यात किनाऱ्यावरची मराठी. तिसरा रिकामा ठेवायचा, आणि आपापल्या गावी नदीवर, तळ्यावर जो कुणी नाव चालवतो त्याला विचारून तो भरून आणायचा. त्याचं नावही लिहायचं. काहीजण कंटाळा करतात. काहीजण खरंच भरून आणतात.

त्या तिसऱ्या रकान्यात पोर्टच्या ओळीत मी स्वतः एवढंच लिहिलं आहे: डावा. डोंग्याचा, माझा नव्हे.